बजाबाईचा मुराळी

"किती गं बाई करतेस सासूचं!" असं कुणी म्हटलं की मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणणारे तरी कोण? येता-जाता दारातनं डोकावणारे. नाकाला पदर लावून आत वाकायचं, खाटेवरच्या म्हातारीला "कसं हाय, बजाबाई?" म्हणून विचारायचं, आणि जाताना हे कौतुक अंगणात टाकून जायचं. साधं एक भांडं विसळायला कुणाचा हात पुढं आला असेल तर शपथ. कौतुकानं चादरी धुतल्या जात नाहीत, आणि सोलापुरात नळाला पाणीही रोज येत नाही.

विडी कामगारांची वसाहत, विडी घरकुल, तिच्या अलीकडं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. पुढच्या खोलीत खाट, खाटेवर बजाबाई. तीन वर्षांमागं तिच्या अंगावरनं वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. जीभ मात्र धडधाकट राहिली. काय ठेवावं आणि काय न्यावं याची देवाला अक्कल नाही, असं मायाक्का म्हणायची, तेही सासूला ऐकू जाईल अशा आवाजात. मायाक्काचा नवरा रामहरी त्याच्या आधीच मोटारसायकलवरनं पडून गेला होता. घरात राहिल्या या दोघी विधवा.

बजाबाईचा धाकटा लेक शहाजी अकलूजला. दूध डेअरीत सुपरवायझर, दाराशी पांढरी चारचाकी. महिन्यातनं एकदा त्याचा फोन यायचा. "वैनी, आईला तुमच्या हाताशिवाय चालत न्हाय बघा," असं तो म्हणायचा, आणि म्हणायचा असं, की जसा काही शाल-नारळ देऊन सत्कारच करतोय. त्या एका वाक्यावर त्यानं तीन वर्षं काढली. मायाक्का आधी एका खानावळीत भाकऱ्या थापायची. तिच्या भाकरीला नाव होतं. ते काम सुटलं, आणि आता दिवस म्हातारीला या कुशीवरनं त्या कुशीवर वळवण्यात, पुसण्यात, भरवण्यात, धुण्यात जायचा. रात्र वेगळी मोजायची सोय नव्हती, कारण रात्रीही तेच.

बरं, मायेपोटी करायची म्हणावं, तर तेही नाही. मायाक्काच्या मनात सासूबद्दल माया नव्हती. होता तो राग, आणि तो साधासुधा नव्हता.

त्यांच्यात रीत अशी, की सासरवाशिणीला माहेरी जायचं तर माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. बाप, भाऊ, चुलत्याचा पोरगा, कुणीतरी. त्याला म्हणायचं मुराळी. मुराळी आला नाही तर बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. मायाक्काला भाऊ नव्हता, आणि बाप लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला. न्यायला येणार कोण? दिवाळी यायची, पंचमी यायची, आळीतल्या बाया पिशव्या भरून निघायच्या आणि ही चुलीपुढं. तिनं विचारलं की बजाबाई पानाची पिंक टाकून म्हणायची, "मुराळी कुटं हाय? आमच्यात एकटी बाई माहेरला जात न्हाय. लोक थुकतील तोंडावर." मग एकदा मायाक्काची आई आजारी पडली. निरोप आला, लवकर या. बजाबाई म्हणाली, "निरोप आला, माणूस कुटं आलंय?" माणूस तिसऱ्या दिवशी आलं, लांबचा एक चुलतभाऊ. तो घेऊन गेला तेव्हा आईची राख सावडून झाली होती.

ते मायाक्का विसरली नाही. विसरायचं कशाला? म्हातारीची पाठ तिनं रोज कोमट पाण्यानं पुसली, पावडर लावली, एक जखम होऊ दिली नाही, आणि पुसताना प्रत्येक वेळी तिला आईची राख आठवली. दोन्ही एकाच हातानं झालं. लोकांना हे कळत नाही. लोकांना वाटतं, करतेय म्हणजे मायाच असणार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर म्हातारीला उचलताना मायाक्काच्या कंबरेत कट्‌कन् वाजलं आणि ती खाटेच्या कडेलाच बसली. उठता येईना. शेजारची रत्नम्मा विड्या वळायचं सूप बाजूला टाकून धावत आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, "आठ दिवस काहीही उचलायचं नाही. नाहीतर सासूच्या शेजारी दुसरी खाट टाका."

तिथंच दवाखान्यात रुपाली भेटली. चष्मा लावलेली, तिशीतली, एका संस्थेची. संस्थेचं होटगी रस्त्याला एक केंद्र होतं. घरी अंथरुणाला खिळलेली माणसं असतील तर त्यांना आठ-पंधरा दिवस तिथं ठेवून घ्यायचे, म्हणजे घरात करणाऱ्याला जरा विसावा. रुपाली घरी आली, म्हातारीला हवेची गादी देऊन गेली, आणि मायाक्काला म्हणाली, "ताई, तुम्ही काळजीवाहक आहात. काळजीवाहकालाही विश्रांती लागते."

"मी वाहक-बिहक काय न्हाय," मायाक्का फिस्कारली. "मी सून हाय. वाहकाला एसटीत बसायला तरी मिळतं."

रुपाली हसली, हे मायाक्काला आवडलं नाही. पण ती गेल्यावर मायाक्का बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिली. आठ दिवस. नुसतं झोपायचं. कुणी हाक मारणार नाही. या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून तिला स्वतःचा संताप आला. पण एक ठरलं. हे आठ दिवस ती घेणार होती, मग आकाश कोसळो.

आकाश अकलूजहून आलं, पांढऱ्या गाडीतनं.

"वैनी, आमच्या आईला आश्रमात टाकता?" शहाजी दारातच ओरडायला लागला. आळी गोळा झाली पाहिजे असा आवाज. "लेक जिवंत असताना? भावकीत तोंड कुटं दाखवू मी?"

"टाकत न्हाय, भाऊजी. आठ दिस ठेवायचं हाय. माझी कंबर गेलीया."

"आज आठ दिस, उद्या कायमचं! मला कळत न्हाय व्हय?"

"मग तुमी न्या की आठ दिस. गाडी हाय, घर हाय."

शहाजीचा आवाज एकदम खाली आला. रेश्माला, म्हणजे त्याच्या बायकोला, धुळीचा त्रास. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पोरांची परीक्षा. शिवाय आईला वैनींच्या हाताशिवाय... "बास!" मायाक्का एवढ्या जोरात ओरडली की रत्नम्मा दारात आली. "त्यो हात आता मोडलाय. दुसरा बघा कुटं मिळतो का."

एवढं भांडण चाललेलं, आणि जिच्यावरनं चाललेलं ती खाटेवर डोळे मिटून गप्प. मायाक्कानं शेवटी तिलाच विचारलं, "आत्याबाई, जाताव का न्हाय? गाडी येईल, गादी हाय, डॉक्टर हाय."

बजाबाईनं एक डोळा उघडला. "न्यायला कोण आलंय?"

"केंद्राची बाई येईल की."

"ती माझ्या माहेरची हाय व्हय? मुराळी आल्याबिगर मी उंबरा वलांडत न्हाय. आमच्यात रीत न्हाय ती."

मायाक्काला आधी हसू आलं, आणि मग असं काही भडकलं आतनं की हातातला तांब्या तिनं मोरीत फेकला. आयुष्यभर जी रीत हिनं सुनेच्या गळ्यात बांधली, तीच आता खाटेवर पडल्या पडल्या परत सुनेच्याच गळ्यात. शहाजी मात्र खूश. "झालं! आईच न्हाय म्हणती," असं म्हणून तो गाडीत बसला आणि गेला.

पण मायाक्काही त्याच घरात मुरलेली. मुराळी पाहिजे ना? देते मुराळी. बजाबाईच्या भावाचा लेक गुंडा सांगोल्याकडं एका गावात मेंढरं राखून होता. मायाक्कानं त्याला फोन लावला आणि सगळं नीट सांगितलं. यायचं, आत्याला माहेरचा म्हणून न्यायला आलो म्हणायचं, केंद्राच्या गाडीत बसून फाटकापर्यंत सोडायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. गुंडानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "येतो की, वैनी. आत्याला न्यायला का न्हाय यायचं?"

आला, पण केंद्राच्या गाडीत बसायला नाही. गावातला पिकअप घेऊन आला. मागं कडबा पसरलेला, वर दोन घोंगडी, आणि गाडीच्या नाकावर झेंडूची माळ. अंगात कडक धुतलेला सदरा, हातात खणाची पिशवी. बजाबाईच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला, "आत्या, चल. न्यायला आलोय."

आणि काय सांगावं, ती म्हातारी रडली. तीन वर्षांत रडली नव्हती. डाव्या हातानं त्याचं मुंडासं चाचपत म्हणाली, "भावाचा लेक आला गं माझ्या."

रुपाली केंद्राची गाडी घेऊन दारात उभी. तिनं मायाक्काकडं बघितलं, मायाक्कानं गुंडाला बाजूला ओढलं. "आरं, केंद्रात सोडायचं ठरलंय न्हवं?"

गुंडा तिच्याकडं वेड्यासारखा बघत राहिला. "वैनी, मुराळी म्हणून आलो, खण आणला, आन् आत्याला परक्याच्या दारात उतरवू? माझा बा वरनं थुकंल माझ्यावर. मुराळी माहेरीच नेतो. दुसरं कुटं नेतो व्हय?"

चूक मायाक्काचीच. मुराळ्याचं नुसतं सोंग आणता येतं असं तिला वाटलं, आणि रीत म्हणजे काय चावीचं खेळणं आहे का, पाहिजे तेव्हा चालवलं, पाहिजे तेव्हा थांबवलं! रुपाली रागावली. केंद्रात राखलेली खाट रिकामी राहणार होती. ती म्हणाली, "ताई, तिकडं यांची काळजी कोण घेणार? पाठीला जखमा होतील." मायाक्काला हे कळत नव्हतं असं नाही. गुंडाच्या बायकोला मेंढरांची सवय, म्हातारीची नाही. थांबवायचं तर आत्ताच. एक शब्द बोलली असती तर पिकअप रिकामा गेला असता.

ती बोलली नाही. कंबरेत कळ मारत होती आणि पुढं आठ दिवस उभे होते. तिनं हवेची गादी गुंडाळून गुंडाच्या हातात दिली आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवायला बजावलं. गुंडा मान हलवत राहिला, म्हणजे त्यानं ऐकलं नाही. पिकअप गल्लीच्या टोकाला वळला आणि मायाक्का आत येऊन रिकाम्या खाटेशेजारी, खाली सतरंजीवर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झाली.

ते दिवस तिनं कसे घालवले म्हणाल, तर काही केलं नाही. हेच तर करायचं होतं. सकाळी उन्हात बसली. गरम भाकरी गरम असताना खाल्ली. रत्नम्माच्या पायरीवर बसून केसांना तेल लावून घेतलं. रत्नम्मा तेलुगू-मराठीची खिचडी करत म्हणाली, "अक्का, तू किती काळी पडली गं," आणि मायाक्का तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. पण दोन-तीनदा रात्री ती दचकून उठलीच. वळवायची वेळ झाली म्हणून हात खाटेकडं गेला, तर तिथं कुणी नाही. "मेली तिकडं जाऊन बी सुखानं झोपू देत न्हाय," असं म्हणून ती पुन्हा आडवी झाली.

आठवडा भरायच्या आतच फोन वाजला. गुंडा. मेंढरं घेऊन रानोमाळ निघायची वेळ झाली होती, बायको-पोरं सगळी निघणार, आत्याला घरी ठेवायचं कुणापाशी?

"मग सोडून जा की आणून," मायाक्का म्हणाली.

"न्हाय, वैनी. माहेरवाशिणीला न्यायला सासरचा पुरुष येतो. मी शाजीदादाला फोन केलाय. आईला न्यायला लेक पायजे."

गुंडानं नुसता फोन केला नव्हता. आत्या आलीय, लेकानं न्यायला यायचंय, हे त्यानं शहाजीच्या झाडून सगळ्या भावकीला सांगून ठेवलं होतं. भावकीत तोंड कुठं दाखवू म्हणणाऱ्याला आता तोंड घेऊन जाणं भागच होतं. शहाजी गेला. नव्या कव्हरच्या सीटवर त्यानं आईला मागं आडवी घातली, आणि पाचसहा नातेवाइकांनी नारळ देऊन गाडी काढून दिली.

दुपारी मायाक्काचा फोन वाजला. शहाजी रस्त्याच्या कडेला कुठंतरी उभा होता, मागनं ट्रक जात होते.

"वैनी... आईचं झालं गाडीत."

"काय झालं?"

"आवं, झालं. सगळं. सीटवर. काय करू मी आता?"

"धुवा."

"मी?"

"दुसरं कोण हाय गाडीत? पाणी हाय का? बाटली घ्या. आधी त्यांना कुशीवर वळवा. डाव्या नव्हं, लुळ्या बाजूला हात घालून... लुगडं मोकळं करा..."

"मी... आईचं लुगडं? कसं करू वैनी, जमंना. बघवत न्हाय."

"तुमची आईच हाय, भाऊजी. तुमचं बी तिनंच काढलंय." मायाक्काचा आवाज चढला. "डोळं मिटून करू नगा, म्हातारी खाली पडंल. बोलत राहा त्यांच्याशी. त्यांना लाज वाटत आसंल."

फोन चालूच होता. पलीकडनं शहाजीचं शिव्या देणं, ओकारी देणं, गाडीचं दार आपटणं ऐकू येत होतं. बजाबाईचा आवाज मात्र एकदाही आला नाही. रोज पुसताना मायाक्काला शिव्या घालणारी ती म्हातारी लेकाच्या हातात तोंडातनं चकार शब्द काढत नव्हती. मायाक्काला त्याचं वाईट वाटलं. वाटू नये असं तिला वाटत होतं, पण वाटलं.

दिवस मावळताना गाडी दारात आली. खिडक्या उघड्या, वासानं कुत्रीही लांब. मायाक्कानं आणि रत्नम्मानं मिळून म्हातारीला खाटेवर घेतली. मायाक्कानं पहिल्यांदा तिला कुशीवर करून पाठ बघितली. माकडहाडाजवळ लालभडक चट्टा. "मुडदा बशिवला त्या गुंडाचा! दोन-दोन तासाला वळवा म्हणलं तर ऐकंल तर शप्पत," ती पुटपुटली आणि पावडरीचा डबा शोधायला लागली. बजाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

शहाजी मोरीत तासभर आंघोळ करत होता. भरून ठेवलेलं पाणी संपवलं त्यानं. बाहेर आला आणि उंबऱ्यावर बसला. ओरडणं नाही, भावकी नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला, "वैनी, त्या केंद्रवाल्या बाईंचा नंबर द्या."

मायाक्काला वाटलं, आला बाबा शहाणपणावर. "देते की. कशाला?"

शहाजीनं खाटेकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली केला. पण दोन खोल्यांच्या घरात खाली तरी किती करणार? "विचारतो त्यास्नी. कायमचं ठेवून घेत्यात का म्हणून."

मायाक्काच्या हातातला डबा तसाच राहिला. मग ती जी उठली, ती कंबरेचंही विसरली.

"कायमचं? मी आठ दिस मागितलं तर मी आईला टाकणारी! आळीपुढं माझी अब्रू काढली तुमी. आन् तुमी एकडाव, आयुष्यात एकडाव धुतली, तर कायमची टाकायला निघाला? मी तीन वर्सं धुतीया, भाऊजी! मला ह्या बाईनं माझ्या आईचं तोंड बघू दिलं न्हाय, तरी धुतीया! उठा. उठा माझ्या उंबऱ्यावरनं!"

"वैनी, हळू, आई ऐकंल..."

"ऐकलंय," खाटेवरनं आवाज आला.

बजाबाईनं मान वळवली, तिला जेवढी वळवता येत होती तेवढी. लेकाकडं बघितलंच नाही.

"मायाक्का," ती म्हणाली, "त्या चष्मेवाल्या बाईला फोन लाव. पाठ बरी झाली की आठ दिस जाते म्हणावं तितं."

"आता का?" मायाक्का अजून धापा टाकत होती. "मुराळी नगं व्हय आता?"

"त्वांड बंद कर, भवाने. तुझी कंबर मोडली तर मला कोण हाय?" म्हातारीचा आवाज मध्येच फाटला. "सोडायला कोण बी येऊ दे. न्यायला मात्र तू यायचं. ह्यो आला तर मी यायची न्हाय."

शहाजी उंबऱ्यावरच बसून होता. मायाक्कानं हात पदराला पुसले, मोबाईल उचलला आणि रुपालीचा नंबर लावला.